नंदाचं गंगावन

आमच्याकडचा घाम दिसत नाही. तो येतो, पण कुणाच्या नजरेला पडायच्या आत वारा त्याला घेऊन जातो. मागं उरतो तो काखेत ब्लाउजला आलेला मिठाचा पांढरा काठ, आणि कपाळावरून हात फिरवला तर बोटांना लागणारी बारीक रेती. लहानपणापासून उन्हाळा म्हणजे हेच, असं मी समजत आले. माणूस उन्हातून घरात येतो, माठातलं पाणी पितो आणि पुन्हा सुकत राहतो. घाम अंगावरच थांबतो, वाळायचं नाव घेत नाही, अशीही एक हवा असते, हे मला पुस्तकांतून ठाऊक होतं. अंगाला ते कळलं एकाच वैशाखात, नंदाबरोबर.

यंदाचा वैशाख लागला आणि छावणीतल्या आमच्या गल्लीत पुन्हा मांडवाचे बांबू येऊन पडले. दुपारी गल्ली मुकी असते. पत्रे तापून कडकडतात, कुत्री नालीच्या कडेची ओल शोधत फिरतात. संध्याकाळी कुठल्या तरी घरातून हळदीची गाणी सुरू होतात आणि कुठल्या तरी घरासमोर पाण्याचा टँकर उभा राहतो, कारण लग्नघराला नळाचं पाणी पुरत नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावते आणि घरी येते. उन्हाळ्यातले माझे दिवस वर्षानुवर्षं असेच जातात. या वर्षी त्यांच्यात मयूरीचा फोन आला.

"मावशी, आईचा तो डबा काढून ठेवशील का? रविवारी येते मी."

डबा स्टीलचा आहे. नंदाच्या लग्नात आलेल्या भांड्यांपैकी. झाकणावर तिचं माहेरचं नाव कोरलेलं. आत मलमलच्या फडक्यात गुंडाळलेलं गंगावन. नवरीचा खोपा भरदार दिसावा म्हणून तिच्या केसांत जोडून घालायचे केस, ते गंगावन. बाजारात ते नायलॉनचं मिळतं. या डब्यातलं मात्र खऱ्या केसांचं आहे, आणि ते केस नंदाचे आहेत. नंदा माझी धाकटी बहीण. बजाजनगरात तिचं छोटं पार्लर होतं. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ती गेली. मयूरी तिची एकुलती मुलगी. तिचं लग्न याच वैशाखात आहे, कोकणात, अगदी समुद्राला लागून असलेल्या एका हॉटेलात. तिला आईचं गंगावन खोप्यात घालायचं आहे.

मी डबा काढला. झाकण उघडलं नाही.

ते का, हे सांगायला हवं. नंदाची शिकेकाई ती स्वतः करायची. शिकेकाई, रिठा, नागरमोथा, कचोरा, संत्र्याची वाळलेली साल, आणखी काही. सगळं मुठीनं, अंदाजानं. प्रमाण विचारलं तर म्हणायची, "हात सांगतो." तो हात गेला. तिच्या डोक्याला, उशीला, पार्लरच्या पडद्याला जो वास यायचा, तो आता जगात फक्त या डब्यात आहे. पावसाळ्यानंतर मी तो मोजक्या वेळा उघडला, आणि दर वेळी मला वाटलं की मी त्यातलं थोडं उडवून टाकते आहे. आता मयूरीच्या मेकअपवाल्या बाईंनी पुण्याहून निरोप दिला होता की खऱ्या केसांचं गंगावन असेल तर आधी शाम्पूनं नीट धुऊन द्या. दमट हवेत जुने केस फुगतात, त्यांना वास सुटतो.

त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं.

*

हे गंगावन झालं त्या वर्षी जायकवाडी धरणात फक्त मृतसाठा उरला होता, दरवाजांच्या पातळीखालचं, सोडता न येणारं पाणी. मृतसाठा हा शब्द मी तोवर वर्तमानपत्रात वाचला होता. त्या उन्हाळ्यात तो बायकांच्या तोंडी आला. बजाजनगर वाळूजच्या कंपन्यांना चिकटून वाढलेलं. कुणी जालन्याकडचा, कुणी बीडचा, कुणी विदर्भातला. खोलीला खोली लागून, आणि प्रत्येक दारासमोर एक निळा ड्रम. टँकरचा हॉर्न वाजला की हातातलं पीठ तसंच टाकून बायका पळायच्या. नगर नाक्यापासून पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या इमारतींचे फलक लागत होते. त्यांच्यावर निळ्याशार तलावात पोहणारी माणसं रंगवलेली असायची. नंदा शेअर रिक्षातून जाताना मला कोपरानं ढोसायची. "आक्का, तिथं फ्लॅट घे. ड्रम लावायला नको, खिडकीतून बादली सोडायची."

तिच्या पार्लरमध्ये त्या उन्हाळ्यात एक वेगळीच गर्दी होती. बायका केस कापायला येत होत्या. कट कुठला, हे कुणी विचारत नव्हतं. खुर्चीवर बसायच्या, अंबाडा सोडायच्या आणि म्हणायच्या, "ताई, मानेपर्यंत करा. धुवायला बादली लागती वो." टँकरच्या पाण्यानं केस तांबूस आणि राठ झालेले, डोक्यात कोंडा, कुणाला पुटकुळ्या. दुपारपर्यंत फरशीवर काळ्या केसांचा थर साचायचा. नंदा तो झाडून पोत्यात भरायची आणि म्हणायची, "केस म्हंजे पाणीच गं. माणसानं डोक्यावर साठवलेलं."

तिचे स्वतःचे केस गुडघ्याला लागायचे. आम्ही मेंढरांमागच्या घरातले. आमचे वडील, आबा, तरुणपणी कळप घेऊन हिंडले; चारा आणि कुरणं संपत गेली तसे एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाले. नंदा जन्मली ती पावसात, आणि ओल्या हवेत तिच्या कपाळावर, मानेवर बारीक कुरळ्या लटा उठायच्या. आबा तिला कोकरू म्हणायचे. पुढं पावसाळे विरळ होत गेले, तेल आणि वेणी यांखाली लटा दबून गेल्या. मोठेपणी तिचे केस सरळ आहेत असंच सगळे समजायचे. मीसुद्धा विसरले होते.

कविता नंदाच्या शेजारच्या खोलीतली. वडील कंपनीत, आणि त्यांच्याच पाळीत काम करणारा एक कोकणातला मुलगा तिला सांगून आला होता. मुलाची आई संक्रांतीनंतर मुलगी बघायला आली, तेव्हा तिनं कविताची वेणी हातात घेऊन म्हटलं होतं, "केस मात्र सुरेख हो." वैशाखातली तारीख ठरली, लग्न मुलाकडं, त्यांच्या गावी. त्यानंतर फाल्गुनात पाणी आटलं. कविताच्या डोक्यात पुटकुळ्या झाल्या आणि ती एक दिवस नंदाच्या खुर्चीवर येऊन बसली. नंदानं कापले. ना कविताला काही वाटलं, ना तिच्या आईला. त्या वर्षी आमच्या बाजूला कापलेले केस कुणाच्या डोळ्यात भरतच नव्हते. अख्खी गल्लीच तशी होती.

मग मुलाच्या आईचा फोन आला, अबोलीच्या वेण्या सांगून ठेवल्या आहेत म्हणून. मुलीचे केस लांब, तेव्हा नेहमीपेक्षा जास्त सांगितल्या आहेत म्हणून.

कविताची आई पार्लरमध्ये येऊन जमिनीवरच बसली. मी त्या दिवशी तिथं होते. "आता काय सांगू त्या बाईला?"

"खरं सांगा," नंदा म्हणाली.

"काय खरं? पाणी नव्हतं म्हणून पोरीचे केस कापले? त्यांच्या परसात विहीर हाय, दोन हाताच्या दोरीनं पाणी निघतं. त्यांना पटंल व्हय हे? वाटंल, पोरीला टायफॉइड झालता. नायतर डोक्यात काय रोग हाय अन् आमी लपवलाय. मांडवातनं माघारी धाडतील."

नंदा गुलमंडीच्या बाजारात जाऊन नायलॉनची गंगावनं घेऊन आली. कविताच्या आखूड केसांना ती धरत नव्हती, सुळकन सुटायची, आणि त्यांना एक थंड चकाकी होती. "बाहुलीचे केस," नंदा म्हणाली आणि बाजूला टाकली. त्यानंतर ती बराच वेळ आरशात बघत होती. मला वाटलं, कविताकडं बघते आहे.

दुसऱ्या दिवशी आबा तिच्याकडं आले होते. "आबा, तुमची कातर कुठाय?"

"कशाला? मेंढरं ऱ्हायली कुठं आता?"

"हाय एक." तिनं वेणी खांद्यावरून पुढं घेतली.

आबांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "दुकानात कातऱ्या कमी पडल्या व्हय?"

"त्या लोकांसाठी हायेत. माझ्या मागं माझा हात पोचत नाय."

"मेंढरू धुतल्याबिगर कातरू नये. पाणी हाय का धुवायला?"

"ते असतं तर कातरलं असतं का?"

आबा हसले नाहीत. त्यांनी गाठोड्यातून जुनी लोखंडी कातर काढली, दगडावर पाणी न घेताच घासली. वेणीच्या मुळाशी लोकरीचा दोरा करकचून बांधला आणि मेंढीला धरावं तशी डाव्या हातानं नंदाची मान हलकेच खाली धरली. कातरीचा आवाज कोरडा होता. वेणी हातात आल्यावर ते ती तशीच धरून उभे राहिले. "मुळाकडचं तोंड एकीकडंच ठेव," ते म्हणाले. "उलटंपालटं झालं की जट व्हती. मंग सुटत नाय."

मयूरी तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. रोज झोपताना आईच्या वेणीचं टोक मुठीत धरायची. शाळेतून आली, वर्तमानपत्रावर ठेवलेली वेणी तिनं पाहिली, आणि तिनं आबांना सांगितलं, "परत लावा." मग ती खोलीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. नंदानं समजूत घातली की हे केस कुठं जात नाहीत, फिरून येतील, शेवटी तुझ्याच लग्नात तुझ्या डोक्यात घालीन मी. मूल कधी तरी गप्प होतं, तशी ती गप्प झाली. बोलणं पटलं म्हणून गप्प झाली, की थकून, ते आम्हाला कळलं नाही.

*

आमच्या भागात नवरीला तयार करायचं म्हणजे कोरड्या हवेशी भांडायचं. चेहऱ्यावर लावलेला थर तासाभरात तडकतो. ओठांच्या कडेला, नाकाच्या बाजूला भेगा पडतात. म्हणून नंदा आधी भरपूर क्रीम चोळायची, फडक्यात बर्फ बांधून गालांवर फिरवायची, मग ओल्या स्पंजनं जाड बेस, त्यावर पावडर, पुन्हा बेस. आणि सगळ्यात महत्त्वाचा कूलर. नवरीच्या तोंडासमोर वाळ्याचे ताटवे लावलेला पत्र्याचा कूलर घरघरत असला की चेहरा लग्न लागेपर्यंत टिकायचा. त्यामुळं कोकणात निघालेल्या जीपच्या टपावर कविताच्या वडिलांनी कूलर बांधला, यात आम्हा कुणालाही काही वावगं वाटलं नाही. उलट नंदानं दोनदा विचारून घेतलं, ताटवे नवे आहेत ना म्हणून.

घाट उतरलो आणि हवा बदलली. कुणी तरी मानेवर ओला तळवा ठेवावा आणि काढूच नये, तसं. मी रुमालानं तोंड पुसलं; पुसलेलं तोंड लगेच पुन्हा ओलं. सगळीकडं हिरवं होतं, विहिरींच्या काठावर शेवाळ होतं. कविताची आई जीपच्या खिडकीतून बघत होती आणि मधूनच कुणाला तरी सांगत होती, "बघा, पाट वाहतोय. असाच."

सकाळी एका बंद खोलीत नंदानं तिची सगळी विद्या लावली. क्रीम, बर्फ, बेस, पावडर. कूलर चालू केला. विहिरीतून कळशा आणून त्याची टाकी काठोकाठ भरली. भरताना कविताच्या वडिलांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मला नंतर लग्न लागतानाही दिसलं नाही. आणि कूलर जसजसा वारा देऊ लागला, तसतसा कविताचा चेहरा उतरू लागला. बेस हनुवटीकडं ओघळला. पावडर लावली तर तिचं भिजलेलं पीठ झालं. नंदानं पंखा वाढवला, आणखी पाणी घातलं. दारातून नवऱ्या मुलाचे काका डोकावले.

"अहो, इथं हवेतच पाणी आहे. तुम्ही आणखी कशाला फुंकताय?"

"उकडतंय म्हणून," कविताचे वडील म्हणाले.

"मग खिडकी उघडा की."

बायका हसल्या. नंदाही हसली, पण तिचे हात थांबले होते. तिनं कूलर बंद केला, खिडकी उघडली, आणि ओल्या फडक्यानं कविताच्या तोंडावरचं सगळं पुसून काढलं. "आक्का, माझी विद्या घाटापलीकडं ऱ्हायली," ती म्हणाली. मग तिनं फक्त काजळ घातलं, थोडं कुंकू, ओठांवर अगदी फिकट रंग. कविताचा सावळा, घामेजलेला चेहरा तसाच राहिला.

केसांचं तसं पुसून काढता येत नव्हतं. खोपा बांधला, गंगावन घातलं, जाळी लावली, आकडे खोचले. आणि आमच्या डोळ्यांसमोर ते केस जागे होऊ लागले. आमच्या हवेत इतकी वर्षं दबलेले केस ती ओल पिऊन फुगले. जाळीतून बारीक लटा बाहेर आल्या, मानेवर गोल गोल वळल्या. नंदा दाबत होती, पाण्याचा हात फिरवत होती, आणि पाण्यानं त्या आणखी वळत होत्या. आकडे सरकत होते. खाली कविताचे स्वतःचे आखूड केस दिसू लागले.

त्याच वेळी मुलाची आई अबोलीच्या वेण्या घेऊन आत आली. खोप्याला वेणी लावायला तिनं हात नेला आणि हात तिथंच थांबला.

"हे तुझे नव्हेत गो."

कविता खाली बघत म्हणाली, "नाय."

"मग कोणाचे?"

"नंदाताईंचे."

"आणि मी बघितले होते ते?"

"पाण्यापायी कापले."

कविताची आई भिंतीला टेकून उभी होती. नंदा पुढं झाली. "मी कापले, मावशी. धुवायला पाणी नव्हतं. आमच्या सगळ्या गल्लीनं कापले. रोगबिग काय नाय पोरीला. हे बघा." आणि तिनं डोक्यावरचा पदर काढला. तिचे मानेपर्यंतचे केस त्या हवेत कोकरासारखे कुरळे झाले होते. मला आबांची आठवण झाली.

मुलाच्या म्हाताऱ्या आईनं नंदाच्या डोक्याकडं पाहिलं, मग कविताच्या खोप्याकडं. दोन्हीकडं त्याच लटा. "पाण्यासाठी कोण केस कापतं गो?" ती म्हणाली. "आमच्याकडे घरातलं कोणी..." आणि लग्नघर आहे हे आठवून तिनं पुढचे शब्द गिळले.

न बोललेलं ते वाक्य, घरातलं कोणी गेलं तरच केस काढतात हे, मी त्यानंतर कितीदा तरी पुरं केलं आहे. आमच्याकडं त्या वर्षी कोण गेलं होतं, याचं उत्तर मात्र मला देता येत नाही. नदी, विहीर, कुरण, काहीही म्हणता येईल आणि काहीही पुरं पडत नाही.

म्हातारीनं नंदाच्या हातातला आकडा घेतला. "दाबू नका त्यांना," ती म्हणाली. "या हवेत दाबलेले केस राहात नाहीत. सैल बांधा. सुटतील ते सुटू देत." आणि सुटलेल्या लटांच्या मधून तिनं अबोली माळली. लग्न लागलं.

परतताना कविताच्या वडिलांनी कूलरची टाकी त्या विहिरीच्या पाण्यानं भरून घेतली. कुणी त्यांना अडवलं नाही. घाटातल्या प्रत्येक वळणावर पाणी टपावरून सांडत राहिलं, काचेवरून ओघळत राहिलं. बजाजनगरात पोचलो तेव्हा तळाशी नुसती ओल होती. त्यांनी ती कुंडीतल्या तुळशीला निथळून घातली.

*

त्यानंतर कोकणात, गोव्याकडं, मुंबईला लग्न असलं की बायका नंदाला विचारायला येऊ लागल्या. ती सांगायची, कमी लावा, केस सैल बांधा, कूलर घरी ठेवा. गंगावन कितीतरी नवऱ्यांच्या डोक्यातून फिरून आलं. दर वेळी ती ते स्वतःच्या शिकेकाईनं धुवायची, मुळाकडचं तोंड एकीकडं ठेवून विंचरायची आणि दोन लवंगा घालून डब्यात ठेवायची. स्वतःचे केस तिनं पुन्हा कधी वाढवले नाहीत. पुढं आबा गेले. बजाजनगराच्या खोल्यांवर मजले चढले. फलकांवरच्या इमारती खऱ्या झाल्या आणि त्यांच्या खालीही टँकर उभे राहू लागले.

मग तिची मूत्रपिंडं निकामी झाली. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं. आयुष्यभर तांब्या तांब्यानं पाणी वाचवलेल्या बाईला आता पेल्याच्या खुणेपर्यंत पाणी मिळायचं. ओठ सुकायचे, आणि ती ओल्या कापसासाठी हात पुढं करायची. एकदा मला म्हणाली, "आक्का, सरकारनं माझ्यापुरता दुष्काळ जाहीर केलाय." मी हसले. तिला तेच हवं होतं.

ती गेली त्या आठवड्यात जायकवाडी भरलं होतं. धरणाचे दरवाजे उघडले आणि लोक पाणी बघायला पैठणला जात होते. तिच्या दहाव्याहून येताना रस्त्यात अजून त्यांच्या गाड्यांची रांग लागली होती.

*

रविवारी मयूरी आली, बरोबर तिची आत्या. मयूरीनं मोबाइलवर मेकअपवाल्या बाईंनी पाठवलेले नमुने दाखवले. घामानं न उतरणारा बेस, पाण्यानं न पसरणारं काजळ, वरून मारायचा फवारा. प्रत्येक चित्राखाली काय काय टिकतं आणि किती टिकतं, हे लिहिलं होतं. मी ते सगळं वाचलं. दुःखातल्या माणसाला कुठलाही मजकूर दोनदा वाचायची सवय लागते. सगळे शब्द टिकण्याबद्दलचे होते.

केसांचा विषय निघाला तशी आत्यांनी मान हलवली. "गेलेल्या माणसाचे केस नवरीच्या डोक्यात? मला नाय बाई पटत. सासरचे काय म्हणतील?"

"कापले तेव्हा आई होती, आत्या," मयूरी म्हणाली. "मी बघत होते. परत लावा म्हणून रडले होते."

"अगं पण आता..."

"आता पण तेच म्हणतेय."

आत्यांनी पदरानं तोंड पुसलं. मयूरी माझ्याकडं वळली. "बाई म्हणतात, केसांना इस्त्री करून घट्ट बसवू, म्हणजे समुद्रावर फुगणार नाहीत. पण आधी धुवावं लागेल. मावशी, तू काय म्हणतेस?"

मी डबा तिच्यासमोर सरकवला. तिनं झाकण उघडलं, फडकं बाजूला केलं आणि चेहरा आत घातला. बराच वेळ तशीच राहिली. मान वर केली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. आमच्याकडं ते तसेच असतात.

"मला माहितेय," ती म्हणाली. "म्हणूनच इतके महिने मागितला नाही." झाकण लावून तिनं डबा पुन्हा माझ्या बाजूला ठेवला. "पण आईनं कबूल केलं होतं. पार्लरमध्ये नाही देणार मी धुवायला. तू धू."

नळाला पाणी आलं त्या सकाळी मी धुतलं. पहिल्यांदा साध्या पाण्यात बुडवलं. पाणी हळूहळू फिकट चहासारखं झालं आणि न्हाणीघरभर नंदा झाली. मी दार लावून घेतलं. ते पाणी एका बादलीत काढलं, मग शाम्पू, मग पुन्हा दोन पाणी. आबांनी सांगितलं होतं तसं मुळाकडचं तोंड एका हातात धरून ठेवलं. शेवटच्या पाण्यातून केस वर उचलले तेव्हा त्यांना लाटा आल्या होत्या. टोकाशी त्या लहान होत गेल्या होत्या, आणि अगदी शेवटी एक लट करंगळीभोवती बसेल एवढी गोल.

गच्चीत दोरीवर टांगलं. चहा करून वर येईपर्यंत वाळलं होतं. लाटा एकेक करून उतरल्या होत्या आणि सरळ, राठ, कुणाचेही असावेत असे केस वाऱ्यावर हलत होते. नाक लावलं. शाम्पूचा वास होता, दुकानात येतो तसा.

मी पुण्याला त्या बाईंना फोन केला. केसांना इस्त्री करू नका, एवढंच सांगितलं. त्या समजावू लागल्या की तिकडच्या हवेत हे केस वाळूनच राहणार नाहीत, सारखे वळतील, नवरीच्या मानेवर येतील, फोटोत दिसेल. मी म्हटलं, येऊ देत. मयूरीला विचारा, तीही तेच सांगेल.

गंगावन आता मयूरीकडं आहे. लग्न पुढल्या आठवड्यात. डब्यात दोन लवंगा उरल्या आहेत.

पहिल्या पाण्याची ती बादली न्हाणीघराच्या कोपऱ्यात ताटलीनं झाकून ठेवली आहे. फरशी पुसायला घेईन, असं रोज म्हणते. सकाळी ताटली जराशी सरकवते आणि पुन्हा झाकते. शेजारच्या काकू परवा हात धुवायला आत गेल्या होत्या. त्यांनी बादली पाहिली असणार. आमच्या शहरात बादलीभर पाणी कशासाठी राखून ठेवलंय, असं कुणी कुणाला विचारत नाही.